शॉवरची जागा नव्याने करताना सामान कुठल्या क्रमाने निवडावं

दुकानात शिरलं की डोळा आधी टाइलच्या रंगावर जातो, मग नळांवर, मग काचेवर. वॉटरप्रूफिंगचा विषय निघतो तो गवंडी कामाला आल्यावर, आणि ‘असेल ते लावा’ म्हणून मिटतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की हा क्रम उलटा करा. भिंतीत गाडलं जाणार ते आधी ठरवा, दिसणार ते नंतर. बाहेरचा नळ नाही आवडला तर तासाभरात बदलता येतो. आतून ओल फुटली तर चांगल्या टाइलसकट सगळं फोडावं लागतं.

1. पाणी अडवणारा थर

टाइल लावली की भिंत जलरोधक झाली, असं बहुतेकांना वाटतं. पण सांध्यांमधल्या सिमेंटच्या ग्राउटमधून पाणी हळूहळू आत झिरपतंच. त्याला थोपवतो तो टाइलमागचा वॉटरप्रूफिंगचा थर. पॉलिमर मिसळलेलं सिमेंट कोटिंग, वाळल्यावर लवचीक राहणारं लिक्विड मेम्ब्रेन किंवा तयार शीट, यांपैकी काहीही चालेल. मात्र भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या कोपऱ्यांत जाळीची पट्टी हवीच, कारण भेग पडायला सुरुवात तिथूनच होते. थर निदान शॉवरच्या तोंडाच्या उंचीपर्यंत न्या. भिंत बोर्डाची असेल तर साधा जिप्सम बोर्ड नको, सिमेंट बोर्ड घ्या.

थर पूर्ण वाळला की ट्रॅपचं, म्हणजे जमिनीतल्या पाणी जाण्याच्या वाटेचं, तोंड बंद करा, पाणी भरा, पातळीला पेन्सिलीने खूण करा आणि निदान 24 तास थांबा. पाणी खुणेपासून फारसं हललं नाही आणि खालच्या छतावर किंवा पलीकडच्या भिंतीवर ओल दिसली नाही, तरच पुढे जा. एक दिवस काम थांबतं म्हणून ही चाचणी टाळायचा आग्रह होईल. ऐकू नका.

2. भिंतीतले पाइप आणि डायव्हर्टर

गरम पाण्याला साधा पीव्हीसी पाइप चालत नाही. सीपीव्हीसीसारखा त्याच कामासाठी बनवलेला पाइप घ्या. कन्सील्ड डायव्हर्टर, म्हणजे पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारा, भिंतीत लपलेला व्हॉल्व्ह, हवा असेल तर त्याची बॉडी वॉटरप्रूफिंगच्याही आधी बसते. ती किती खोल बसवायची हे टाइल आणि तिच्यामागचा थर यांची जाडी धरूनच ठरतं, म्हणून मॉडेल आताच पक्कं करा. बॉडी पितळेची असावी.

3. टाइल

भिंतीला ग्लेझ्ड सिरॅमिक चालते, जमिनीला पोर्सेलिन घ्या. पोर्सेलिन टाइल वजनाच्या 0.5 टक्क्यापेक्षा जास्त पाणी शोषत नाही. दुकानातच नमुना उलटा करून मागच्या बाजूवर पाण्याचा थेंब सोडा. सिरॅमिकमध्ये तो बघता बघता जिरतो, चांगल्या पोर्सेलिनवर तसाच बसून राहतो.

जमिनीला चकचकीत टाइल अजिबात नको, मग ती कितीही सुंदर असो. ओल्या, साबणाच्या पायांना पकड मिळाली पाहिजे. अनवाणी वावराच्या ओल्या जागांसाठी जर्मन मानकात ए, बी, सी अशा श्रेणी आहेत. डब्यावर किंवा माहितीपत्रकात त्या दिल्या असतील तर शॉवरसाठी बी पाहा. जमिनीला ट्रॅपकडे मीटरला साधारण 20 मिमी उतार लागतो. चारी बाजूंनी असा उतार द्यायचा तर लहान टाइल किंवा मोझॅइक सोयीचं, शिवाय जास्त सांध्यांमुळे पकडही वाढते. मोठ्याच टाइल हव्या असतील तर एका कडेला लांबट ड्रेन घ्या, म्हणजे उतार एकाच दिशेने देता येतो.

संगमरवराचा मोह मला समजतो. तरी निर्णयाआधी त्याच्या पॉलिश केलेल्या तुकड्यावर लिंबाचा थेंब पाच मिनिटं ठेवून पाहा. तिथे उठलेला निस्तेज डाग पुसून जात नाही. आम्लयुक्त क्लीनर हेच करतो. त्यातून वेळोवेळी सीलर, म्हणजे दगडात पाणी आणि डाग मुरू न देणारं द्रव, लावण्याची तयारी असेल तरच दगड निवडा.

4. अ‍ॅडेसिव्ह आणि ग्राउट

पोर्सेलिन पाणी शोषत नसल्याने नुसत्या सिमेंटला ती नीट धरत नाही. पॉलिमर असलेलं टाइल अ‍ॅडेसिव्ह वापरा. बसल्यावर प्रत्येक टाइल नाण्याने वाजवून बघा. बद्द आवाज आला तर मागे पोकळी आहे. ग्राउट भरण्याआधीच ती बदलून घ्या. शॉवरमध्ये इपॉक्सी ग्राउट महाग पडलं तरी घ्यावं असं माझं मत आहे, कारण ते पाणी आणि डाग शोषत नाही. ते लवकर घट्ट होतं, त्यामुळे सवयीचा कारागीर हवा. कोपऱ्यांत मात्र ग्राउट भरू नका, बुरशीरोधक सिलिकॉन भरा. भिंती किंचित हलतात आणि कडक ग्राउट तडकतं.

5. काच आणि धातू

काच टफन्डच हवी, फ्रेमशिवाय लावायची तर 8 किंवा 10 मिमी. टफन्ड केल्यावर ती कापता येत नाही, म्हणून माप टाइल बसल्यावरच द्या. बिजागऱ्या 304 स्टेनलेस स्टीलच्या घ्या. खारी हवा असेल तर 316.

टाइल मोजमापापेक्षा 10 टक्के जास्त घ्या आणि सगळ्या डब्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना ते बघा. उरलेल्या टाइल डब्यासकट जपून ठेवा. पुढे एखादी फुटली तर तीच छटा पुन्हा मिळण्याची खात्री नसते.