मिनेसोटात छप्पर बदलायचंय? रूफरला आधी अ‍ॅटिकमध्ये चढवा

ट्विन सिटीजमध्ये (मिनियापोलिस-सेंट पॉल) मोठी गार पडली की दुसऱ्या दिवसापासून दारावर टकटक सुरू होते. पोलो शर्ट, हातात टॅब्लेट, "शेजारच्यांचं रूफ आम्हीच करतोय, तुमचंही फुकटात बघून देतो". ११ जून २०१७ ची ब्लेन, कून रॅपिड्सकडची गार ज्यांनी पाहिली त्यांना हे सगळं पाठ असेल. त्यामुळे आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर उन्हाळ्यात तोच प्रश्न येतो, कुणी चांगला रूफर (छप्पर घालणारा) सांगा. आणि उत्तरं काय येतात, तर "आमच्याकडे अमक्याने केलं, दोन दिवसांत उरकलं, माणसं एकदम नाइस". अहो पण दोन दिवसांत तर सगळेच उरकतात. इथलं छप्पर चांगलं की वाईट ते जूनमध्ये कळतच नाही, ते फेब्रुवारीत कळतं.

कारण इथे पाणी वरून पडून गळण्यापेक्षा खालून गोठून गळतं. घरातली गरम हवा रिसेस्ड लाइट्सच्या (सीलिंगमध्ये बसवलेल्या दिव्यांच्या) भोकांतून, अ‍ॅटिकच्या (म्हणजे छपराखालच्या माळ्याच्या) झाकणाच्या फटीतून, बाथरूमच्या पंख्याच्या कडेने वर जाते, छताचं लाकूड तापतं, त्यावरचा बर्फ खालच्या बाजूने वितळतो, ते पाणी ओघळत वळचणीपर्यंत येतं आणि वळचणीखाली तर घर नसतंच, तिथे पार थंड, म्हणून तिथे गोठतं. असं रोज थोडंथोडं गोठून बर्फाचा बांध तयार होतो, त्यालाच आइस डॅम म्हणतात, आणि त्याच्यामागे साचलेलं पाणी शिंगल्सच्या (छपरावरच्या डांबरी कौलांच्या) खालून उलटं वर चढून आत येतं. शिंगल्स उतारावरून खाली वाहणाऱ्या पाण्यासाठी असतात, साचलेल्या पाण्यापुढे त्यांचं काही चालत नाही, मग ते कितीही महाग असोत.

म्हणून माझी पहिली परीक्षा एकच. एस्टिमेट द्यायला आलेला माणूस अ‍ॅटिकमध्ये चढायला शिडी मागतो का? नुसता ड्रोन उडवून किंवा सॅटेलाइटवरून माप काढून कोट (खर्चाचा अंदाज) मेल करणारे खूप आहेत, माप बरोबरही असतं त्यांचं, पण आत इन्सुलेशन किती इंच आहे, सॉफिटची (वळचणीच्या खालच्या बाजूची) हवेची भोकं त्याच इन्सुलेशनने बुजलीत का, बाथरूमच्या पंख्याचा पाइप छतातून बाहेर काढलाय की अ‍ॅटिकमध्येच सोडून दिलाय (हे जुन्या घरांत फार दिसतं), खिळ्यांच्या टोकांवर गंज किंवा प्लायवुडवर काळे डाग आहेत का, हे ड्रोनला कसं दिसणार. जो आत जाऊन फोटो काढून आणतो आणि म्हणतो की बाबा आधी हे एअर सीलिंग (या फटी बुजवणं) करून घ्या, ते आम्ही करत नाही पण इन्सुलेशनवाल्याकडून करा, त्याच्यावर माझा विश्वास लगेच बसतो, कारण तो स्वतःचा फायदा नसलेली गोष्ट सांगतोय. उलट "नवीन रूफ टाकलं की आइस डॅम बंद" असं जो छातीठोकपणे सांगतो त्याला चहा पाजून परत पाठवा.

आता त्याला विचारायचे प्रश्न.

आइस अँड वॉटर शील्ड किती घालणार? हा कडेला चिकटवायचा रबरासारखा थर, शिंगल्सच्या खाली. बिल्डिंग कोडप्रमाणे तो छताच्या कडेपासून सुरू होऊन बाहेरच्या भिंतीच्या रेषेच्या निदान २४ इंच आतपर्यंत गेला पाहिजे. आता रोल येतो ३ फूट रुंदीचा. तुमच्या घराची वळचण भिंतीपासून २ फूट बाहेर असेल तर २ फूट अधिक २ फूट म्हणजे आडवे ४ फूट झाले आणि छत उतरतं असल्यामुळे उतारावर मोजलं की आणखी जास्त, म्हणजे एका रोलमध्ये भागतच नाही, दोन पट्टे लागतात. बरेच स्वस्त कोट इथेच स्वस्त झालेले असतात. "कोडप्रमाणे" एवढंच लिहिलेलं चालवून घेऊ नका, कडेला किती फूट आणि व्हॅलीमध्ये (दोन उतार मिळतात त्या खोबणीत) घालणार का हे कोटमध्ये लिहून घ्या.

दुसरा प्रश्न व्हेंटिलेशनचा. खाली सॉफिटमधून थंड हवा आत यायला हवी आणि वर रिजमधून (छपराच्या सगळ्यात वरच्या कण्यातून) बाहेर जायला हवी. नेहमीचा हिशोब असा की वर-खाली समतोल असेल तर अ‍ॅटिकच्या दर ३०० चौरस फुटांना हवेसाठी १ चौरस फूट मोकळी जागा, नसेल तर दर १५० ला १. रूफरला हा आकडा तोंडपाठ पाहिजे. आणि रिज व्हेंट टाकून जुने बॉक्स व्हेंट (छपरावरची हवेची डबडी) तसेच ठेवणार असेल तर का ते विचारा, कारण मग हवा खालून न येता जवळच्याच बॉक्समधून येते आणि वरच्या वर फिरते.

तिसरा, थंडीत काम कसं करतो. शिंगल्सच्या मागे डांबराची पट्टी असते, ती उन्हाने तापून खालच्या शिंगलला चिकटते. साधारण ४० फॅरनहाइटच्या खाली ती नीट चिकटत नाही, शिवाय शिंगल्स कडक होऊन तडकतात, म्हणून तेव्हा प्रत्येक शिंगलखाली हाताने रूफिंग सिमेंटचे (डांबरी चिकटाचे) ठिपके लावावे लागतात. नोव्हेंबरअखेरची तारीख देणाऱ्याला विचारा की हाताने सील करणार का. "काही गरज नाही, वसंतात आपोआप चिकटेल" म्हणाला तर मग वसंतातच करू म्हणा, तोपर्यंत गळत असेल तर पॅच किंवा ताडपत्री.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, पण हे कंटाळवाणं म्हणून सोडू नका. मिनेसोटात रूफिंगला राज्याचं लायसन्स लागतं, डिपार्टमेंट ऑफ लेबर अँड इंडस्ट्रीच्या साइटवर नंबर टाकून बघता येतं की ते चालू आहे का. कोटवरचं कंपनीचं नाव आणि लायसन्सवरचं नाव एकच आहे ना तेही बघा, गारवाल्या सीझनमध्ये दुसऱ्याच्या लायसन्सवर काम घेणारे येतात. लायसन्सवाल्याने फसवलं तर कोर्टाचा निकाल घेऊन राज्याच्या रिकव्हरी फंडातून पैसे मिळण्याची एक वाट असते, बिनलायसन्सवाल्याच्या बाबतीत तीही नाही. लायबिलिटी आणि वर्कर्स कॉम्पचं (कामगारांना इजा झाली तर भरपाई देणाऱ्या विम्याचं) सर्टिफिकेट त्याच्याकडून न घेता त्याच्या इन्शुरन्स एजंटकडून थेट मेलवर मागवा. आणि परमिट त्यानेच काढायचं, "तुमच्या नावावर काढा, स्वस्त पडेल" म्हणाला की समजून जा.

इन्शुरन्स क्लेम असेल तर दोन गोष्टी. "डिडक्टिबलचं (क्लेममधला तुम्ही स्वतः भरायचा वाटा) आम्ही बघून घेतो" हे इथे बेकायदेशीर आहे, सरळ कायद्यात लिहिलंय, आणि आपली माणसं नेमकी याच वाक्यावर खूश होतात! तो ते पैसे कुठून तरी काढणारच ना, वर सांगितलेल्या शील्डच्या दुसऱ्या पट्ट्यातूनच काढणार. दुसरं म्हणजे "फक्त इन्स्पेक्शनसाठी सही करा" म्हणून पुढे केलेला कागद बहुतेक वेळा क्लेम पास झाला तर काम मलाच, असा करार असतो. सही करून बसला असाल आणि इन्शुरन्सने क्लेम नाकारला तर ते कळल्यापासून ७२ तासांत लेखी रद्द करता येतो. पास झाला तर मात्र बहुतेक अडकलात, म्हणून सही करायच्या आधी निदान तीन कोट तरी घ्या.

रेफरन्स मागताना गेल्या महिन्यातले मागू नका, तीन-चार हिवाळे काढलेले मागा. आणि फोन करण्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे बर्फ पडल्यावर दोन-तीन दिवसांनी त्या घरांवरून गाडी घेऊन जा. प्लिमथ, वुडबरी, ईगन, कुठेही एका गल्लीत एकाच बिल्डरची एकाच वयाची घरं असतात, त्यामुळे फरक चटकन दिसतो. एका छतावर बर्फ सगळीकडे सारखा गोधडीसारखा पसरलेला आणि शेजारच्यावर मधेमधे काळी टकलं नि कडेला बोटभर जाड लोंबणारे सुळे. सगळा दोष रूफरचाच असतो असं नाही, घरमालकाने इन्सुलेशनवर खर्च करायला नकार दिलेला असू शकतो, पण तीन घरांपैकी तिन्हींवर सुळे दिसले तर मग काय समजायचं ते समजा.

पैशांचं: सगळे आधी कधीच नाही. ड्राइव्हवेवर माल उतरल्यावर एक हप्ता आणि बाकी काम संपल्यावर, हे इथे चालतं. शेवटचा चेक देताना सिटी इन्स्पेक्शन पास झाल्याचा कागद आणि लीन वेव्हर (थकबाकीसाठी घरावर हक्क सांगणार नाही असं लिहून दिलेलं) दोन्ही घ्या, मालवाल्याकडून आणि सबकॉन्ट्रॅक्टरकडूनसुद्धा, कारण तुम्ही रूफरला पूर्ण पैसे दिले आणि त्याने शिंगल्सच्या दुकानदाराला दिले नाहीत तर तो दुकानदार तुमच्या घरावर लीन टाकू शकतो. वॉरंटी दोन वेगळ्या असतात, शिंगल्सची कंपनीकडून आणि कामाची रूफरकडून, "लाइफटाइम" हा शब्द बहुतेक पहिलीबद्दल असतो आणि गळती मात्र बहुतेक दुसरीत येते. कामाच्या वॉरंटीत आइस डॅमचं नुकसान वगळलंय का ते वाचा, बऱ्याच वेळा वगळलेलं असतं. वगळू नका म्हणून भांडण्यात फार अर्थ नाही, ते कुणीच मानत नाही, पण शील्ड किती फूट घातलं त्याचे फोटो शिंगल्सने झाकायच्या आधी काढून द्यायचे हे करारात टाकता येतं आणि चांगला रूफर ते विनाकुरकुर करतो. जुनं छत उपटल्यावर प्लायवुड कुजलेलं निघालं तर एका शीटचे किती, तेही आधीच लिहून घ्या, नाहीतर छत उघडं असताना तो सांगेल तो भाव.