फॅटी लिव्हर आणि साखर: रक्ताचा रिपोर्ट घरी कसा वाचावा

‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’, म्हणजे लिव्हरमध्ये थोडी चरबी साठलेली, हल्ली इतक्या जणांच्या सोनोग्राफीत निघतं, की ‘ते काय, सगळ्यांनाच असतं’ म्हणत कागद कपाटात जातो. तो आत जाण्याआधी रक्ताचे रिपोर्टही समोर घ्या. कामाचा एक आकडा लॅब सहसा छापतच नाही, तो आपण काढायचा आहे.

१. तपासण्या

एलएफटी (लिव्हरची तपासणी), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) एवढ्या पुरतात. ८ ते १२ तास पोटात काही नको. पाणी चालतं, कोरा चहासुद्धा नको. आधीचे दोन-तीन दिवस जिममध्ये घाम गाळू नका. एलएफटीतलं एसजीओटी हे एन्झाइम लिव्हरसारखंच स्नायूंतही असतं, त्यामुळे आकडा उगाच चढतो.

२. साखर

उपाशीपोटी १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ सीमेवर, १२६ पासून पुढे मधुमेह. एचबीए१सी ५.७ च्या आत ठीक, ६.४ पर्यंत सीमेवर, ६.५ पासून मधुमेह. त्रास काही नसेल तर एकाच आकड्यावर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्यांदा खात्री करतात.

पण एचबीए१सी पाहण्याआधी सीबीसीतलं हिमोग्लोबिन बघा. लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असेल, तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं. आपल्याकडे बायकांच्या बाबतीत हे हमखास विसरलं जातं. विदर्भात किंवा नंदुरबारकडे सिकलसेल (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार) असलेल्या घरांत तर या आकड्यावर विसंबूच नये, डॉक्टरांना तसं सांगून साखर थेट मोजून घ्यावी.

३. लिव्हरच्या खुणा

एसजीपीटी हे एलएफटीतलं लिव्हरचं दुसरं एन्झाइम. त्याची छापील मर्यादा बहुधा ४० च्या आसपास असते. पुरुषांत ३३ आणि बायकांत २५ च्या वर गेलं तरी मी डॉक्टरांना विचारेन. उलट ते नॉर्मल आहे म्हणून लिव्हरमध्ये चरबी नाही, असं अजिबात नाही. म्हणून लिपिड प्रोफाइलमधले ट्रायग्लिसराइड्सही (रक्तातल्या चरबीचा एक प्रकार) पाहा. ते १५० च्या वर, साखर सीमेवर आणि पोट सुटलेलं, हे त्रिकूट दिसलं की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही असा संशय घ्यावा. अशा वेळी लिव्हर जास्तीच्या साखरेची चरबी करत राहतं. थोडी स्वतःत साठवतं, थोडी रक्तात सोडतं.

४. न छापलेला आकडा: फिब-४

चरबीपेक्षा काळजी असते ती लिव्हरमध्ये व्रण पडून ते घट्ट होण्याची. फिब-४ त्याचा अंदाज देतो. वय गुणिले एसजीओटी. त्याला प्लेटलेट्स गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने भागा. प्लेटलेट्स सीबीसीत मिळतात. त्या लाखांत छापलेल्या असतात, तिथे २.१ लाख म्हणजे २१० धरा. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं.

समजा वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट्स २.१ लाख. वर २४९६. खाली २१० गुणिले ८, म्हणजे १६८०. उत्तर साधारण १.४९.

१.३ च्या खाली धोका कमी. २.६७ च्या वर असेल तर लिव्हरच्या तज्ज्ञांना गाठा. मधे अडकलात, आपल्या उदाहरणासारखे, तर फायब्रोस्कॅन (लिव्हर किती घट्ट झालंय ते बाहेरून मोजणारी तपासणी) करायचा का हे डॉक्टरांना विचारा. पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरतात, कारण वय वाढलं की नुसत्या गुणाकारानेच उत्तर फुगतं. पस्तिशीच्या आतल्यांनी या सूत्रावर फार भरवसा ठेवू नये.

पावसाळ्यात डेंग्यू झाला असताना काढलेला रिपोर्ट मात्र या हिशेबाला घेऊ नका. त्यात प्लेटलेट्स पडतात, एसजीओटी चढतं आणि धडधाकट लिव्हरही आजारी दिसतं. पूर्ण बरे झाल्यावर पुन्हा रक्त द्या.

५. फाइलवर लिहून ठेवा

तारीख, फिब-४ आणि एचबीए१सी फाइलच्या आतल्या पानावर एकाखाली एक लिहा. मधुमेह असेल तर आकडा चांगला आला तरी वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा काढतात. दारू किती घेता, कोणत्या गोळ्या आणि काढे चालू आहेत, हेही तिथेच लिहा. काढे विशेषतः, कारण डॉक्टरांसमोर ते कुणालाच आठवत नाहीत.