लिफ्ट, मोठे टायर आणि गिअर: पाच टायरांचा हिशेब

गाडी उचलून मोठे टायर बसवायचा बेत असेल, तर टायरच्या दुकानात पाय ठेवण्याआधी कागदावर पहिली ओळ लिहा: टायर पाच, रिम पाच. मागच्या खेपेला मी चारांवर भागवलं आणि स्टेपनी कंपनीचीच राहू दिली. भर पावसात करूळ घाटात मागच्या टायरची बाजू फाटली, तेव्हा तेच लहान चाक लावून गगनबावड्यापर्यंत वर चढावं लागलं आणि डिफमधून, म्हणजे एक्सलच्या मधल्या डिफरेन्शिअलच्या गिअरमधून, येणारा आवाज सगळा घाट ऐकावा लागला. म्हणून ही यादी. पाचवा टायर यात पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा आला तरी वाचा.

आधी कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर नोंदलेला कंपनीचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच ठाम केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीलाही दावा नाकारायला हे कारण पुरतं. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला जो साइज कंपनी देते, तिथपर्यंत गोष्ट वेगळी. त्यापलीकडचं काम खाजगी जमिनीवरच्या ऑफरोडिंगसाठी करायचं, हे मनाशी ठरवून मगच पुढचं वाचा. ‘सगळेच करतात’ हे उत्तर आरटीओत चालत नाही.

आता गाडी कुठे चालणार ते खरं खरं सांगा. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ, हातकणंगलेकडची काळी माती पावसात टायरला चिकटून खाचा बुजवते. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडे तांबडी माती, जांभा आणि दिवसचे दिवस पाऊस. गाडी महिन्यातले बहुतेक दिवस हायवेवर, म्हणजे शिरोली नाका ते कागल, धावणार असेल तर मड टेरेन, म्हणजे खास चिखलासाठी खोल खाचांचे, टायर घेऊ नका. ऑल टेरेन, म्हणजे रस्त्यालाही चालणारे, घ्या. ओल्या डांबरावर मड टायरची पकड कमी पडते, आवाज वेगळाच आणि डिझेलही जास्त जातं. दुसरं म्हणजे रुंदीच्या मागे लागू नका. उंच आणि त्या मानाने अरुंद टायर चिखल कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतो. रुंद टायर चिखलावर तरंगतो, चाकावरच्या आर्चला घासतो आणि स्टेअरिंग जड करतो. फोटोत रुंद चांगला दिसतो, एवढंच.

मोजमाप स्वतः करा. समजा गाडीला २४५/७५ आर १६ आहेत, नव्या थारच्या स्टीलच्या रिमवर येतात ते. रुंदी २४५ मिमी, तिचे ७५ टक्के म्हणजे १८४ मिमी एका बाजूची भिंत, दोन्ही मिळून ३६७, त्यात १६ इंची रिमचे ४०६ मिमी. व्यास झाला ७७४ मिमी. तुम्हाला हवेत २८५/७० आर १७, ज्यांना बाजारात ‘तेहेतीस’ म्हणतात. त्यांचा व्यास येतो ८३१ मिमी, म्हणजे पुरते ३३ इंचही नाहीत. फरक ५७ मिमी, साधारण साडेसात टक्के. यातून डिफ जमिनीपासून वर जातो तो निम्माच, २८ मिमी. आणि मागचा डिफ वर जातो तो फक्त टायरमुळे. लिफ्ट किटने बॉडी वर जाते, हा डिफ आहे तिथेच राहतो. हे कळलं की किती इंच लिफ्ट घालायची याचा हट्ट आपोआप कमी होतो.

पण छापील आकड्यावर विसंबू नका. एकाच साइजचे दोन कंपन्यांचे टायर शेजारी उभे करा, व्यासात फरक दिसतो. वजनाखाली टायर आणखी दबतो. खरा आकडा हवा असेल तर टायरला आणि जमिनीला खडूची खूण करा, सपाट जागी गाडी ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा घ्या आणि अंतर टेपने मोजा. म्हणूनच पाचही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, आणि बाजूवरचे शेवटचे चार आकडे जवळचे बघून घ्या. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. पाचवा ‘नंतर बघू’ म्हणाल, तर नंतर ती नक्षी मिळत नाही.

आता पाचव्याचं कारण, कारण ‘स्टेपनी तर नुसती टांगलेली असते’ असं दुकानदारही म्हणतो. ८३१ चा टायर एका किलोमीटरला ३८३ फेरे फिरतो, ७७४ चा ४११. मागच्या एक्सलवर एक मोठा आणि एक लहान लावला की दर किलोमीटरला २८ फेऱ्यांचा फरक डिफमधल्या लहान गिअरना सोसावा लागतो. ते गिअर वळणावर थोडा वेळ फिरण्यासाठी केलेले आहेत, सरळ रस्त्यावर तासभर फिरण्यासाठी नव्हेत. लिमिटेड स्लिप डिफ (दोन्ही चाकांच्या वेगातला फरक आवरणारा) असेल तर त्याच्या प्लेटा सतत घासून तापतात. एबीएसला एक चाक जास्त पळताना दिसतं आणि दिवे पेटतात. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. आणि चिखलात अडकलात, फोर व्हील टाकलंत, तर ओढ सगळ्या ड्राइव्हलाइनवर येते. सापडलातच तर लहान चाक पुढे लावा, पुढचं मोठं मागे आणा, टू-हायमध्ये, म्हणजे नुसत्या मागच्या चाकांच्या ओढीवर, हळू चालवा. त्यासाठी भर घाटात दोनदा जॅक लावावा लागतो. त्यापेक्षा पाच टायर घ्या.

पाचवा विकत घेतला म्हणजे काम झालं असंही नाही. तो बसतो का ते बघा. रिमसकट वजन चाळीस किलोकडे जातं. मागच्या दारावर टांगायचा असेल तर बिजागऱ्या ते वजन किती दिवस पेलतील? दाराचा ब्रॅकेट मजबूत करा किंवा बंपरवर वेगळा कॅरिअर घ्या. वरचा ब्रेक लाइट झाकला जातो का, रिव्हर्स कॅमेरा दिसतो का, दार उघडताना टायर बंपरला अडतो का, हे टायर घेण्याआधी पुठ्ठा कापून धरून बघा. पिकअपला स्टेपनी हौद्याखाली असते, तिथे मोठा टायर सायलेन्सरला टेकू शकतो. मग तो हौद्यात उभा बांधावा लागेल. पट्टे आणि जागा आधीच ठरवा.

आणि तो बदलणार कशाने? कंपनीचा जॅक उचललेल्या गाडीला पुरत नाही, चाक जमिनीवरच राहतं. उंच उचलणारा बॉटल जॅक आणि त्याखाली ठेवायला जाड लाकडी फळी गाडीत हवी, कारण काळ्या मातीत जॅक सरळ खाली जातो. बाहेरच्या अलॉयला नट वेगळे येतात, भोक अरुंद असतं, कंपनीचा पाना आत जात नाही. घरी, उजेडात, एकदा पाचही चाकं स्वतः काढून लावून बघा. हे टाळू नका.

लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको. बस.

आता गिअर. टायर साडेसात टक्के मोठा झाला म्हणजे डिफचं गुणोत्तर तेवढंच ढिलं झालं. समजा डिफ ४.१० चा आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून डिफकडे जाणारा दांडा) ४.१० फेरे फिरतो, तर मोठ्या टायरवर तो ३.८२ सारखा वागतो. घाटात तिसऱ्यात चढणारी गाडी दुसरा मागते, सहावा गिअर नावापुरता उरतो, क्लच जळतो, ऑटोमॅटिक असेल तर तो गिअर शोधत राहतो आणि त्याचं तेल तापतं. लो रेंजमध्येही पहिल्या गिअरला गाडी तेवढीच जास्त पळते, म्हणजे दगडांवरून उतरताना ब्रेकवर पाय जास्त. जुनी ओढ परत हवी असेल तर ४.१० ला १.०७३ ने गुणा, उत्तर ४.४० येतं. नेमका ४.४० मिळेलच असं नाही. ४.३० मिळाला तर हायवेला बरा, ४.५६ मिळाला तर घाटाला आणि चिखलाला बरा. टायर जड आहेत, गाडीवर बंपर आणि विंच चढणार आहे, त्यामुळे माझं मत आकडा वरचा घेण्याचं.

आपल्या डिफमध्ये आहे काय हे आधी तपासा. एकाच गाडीच्या पेट्रोल-डिझेल, मॅन्युअल-ऑटोमॅटिकमध्ये वेगळा असू शकतो, ऐकीव आकड्यावर सामान मागवू नका. उघडला असेल तर दात मोजा: क्राउनला (मोठ्या गिअरला) ४१ आणि पिनियनला (लहान गिअरला) १० म्हणजे ४.१०, ४३ ला १० म्हणजे ४.३०, ४१ ला ९ म्हणजे ४.५६. उघडायचा नसेल आणि साधा ओपन डिफ असेल तर बाकीच्या चाकांना दगड लावा, मागचं एकच चाक उचला, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. उचललेलं चाक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्ट किती फिरला ते मोजा. तोच तुमचा आकडा.

पुढचा आणि मागचा डिफ दोन्ही बदलायचे. एकच बदलून फोर व्हील टाकलं तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने पळायला बघतात आणि ट्रान्सफर केसची, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलला ओढ वाटणाऱ्या डब्याची, वाट लागते. पैसे एकाच डिफचे असतील तर थांबा. आणि तुमच्या गाडीला दोन्ही एक्सलसाठी जुळणारा संच मिळतच नसेल, तर टायर लहान करा. हा क्रम उलटा करू नका. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना तयार संच सहज मिळत नाहीत, तेव्हा आधी गिअर कुठला मिळतो ते बघायचं आणि मग टायरचा साइज ठरवायचा. तीन-चार टक्क्यांची वाढ मूळ गिअरवर भागते. १७ इंची रिमवरचा २६५/७० बघा, व्यास ८०३ मिमी. थारला गिअर न बदलता तो चालवता येतो. पण तिथेही पाच घ्यायचे. तीन टक्के फरकाची स्टेपनीसुद्धा वेगळीच स्टेपनी.

क्राउन-पिनियन बसवणारा माणूस नीट निवडा. लेथ, मिलिंग, कास्टिंगमध्ये कोल्हापूरच्या उद्यमनगराचा हात धरणारं फारसं कोणी नाही, पण डिफ बसवणं हे वेगळं काम आहे. शिम (पातळ चकत्या) घालून बॅकलॅश, म्हणजे दातांमधला सैलपणा, डायल गेजने मोजतो का, बेअरिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला दाब) बघतो का, दातांना रंग लावून ठसा कुठे उमटतो ते दाखवतो का, हे विचारा. ‘हाताच्या अंदाजाने बसवतो मामा’ असं म्हणाला तर चहा पिऊन निघा. बेअरिंग, सील, क्रश स्लीव्ह नवीनच. आणि लेथवर काय वाट्टेल ते बनवून मिळतं म्हणून व्हील स्पेसर भंगारातल्या ॲल्युमिनियमचे वळवून घेऊ नका. चाक आणि हबच्या मध्ये येणारी वस्तू परीक्षा झालेलीच हवी.

लिफ्ट गरजेपुरतीच. नव्या थारला आणि बहुतेक पिकअपना पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे. तिथे दोन इंचांच्या वर गेलं की एक्सलचे सीव्ही जॉइंट (चाक वळतानाही ओढ पोचवणारे सांधे) तिरके चालतात, त्यांचे रबरी बूट फाटतात, आत चिखल जातो. जुन्या थारला टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारा दांडा) पिळून पुढून उंची मिळते, पण चाक खाली लोंबायची जागा कमी होते आणि गाडी खड्ड्यात आदळते. मागे प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो. साठ-सत्तरला थरथर आली तर ती टायरची समजून बॅलन्सिंगवर बॅलन्सिंग करत बसू नका, कोन बघा. ब्रेकचे पाइप चाक पूर्ण लोंबल्यावर ताणतात का तेही बघा.

घासणं तपासताना गाडी सपाट उभी करून उपयोग नाही. एक चाक उंचवट्यावर चढवा, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, आर्च, बंपर, चेसिस सगळीकडे हात घाला.

बसवल्यावर ब्रेक लांब लागतो, पहिले दिवस अंतर ठेवा. स्पीडोमीटर कमी दाखवतो. ८० दिसलं की गाडी ८६ ला आहे. किलोमीटरही कमी पडतात, तेव्हा मायलेज काढताना धरा. अलाइनमेंट करा. हवा किती हे दारावरच्या स्टिकरवरून घेऊ नका, टायरवर खडूची आडवी रेघ मारा, थोडं चालवा, मध्यभागीच पुसली तर हवा जास्त, कडा पुसल्या तर कमी. स्टेपनीतही हवा.

दर आठ-दहा हजारांना टायर फिरवा, आणि पाचही फिरवा. चौघे निम्मे झिजले आणि पाचवा कोरा राहिला तर व्यासात दीड टक्क्याच्या आसपास फरक पडतो, म्हणजे पाच घेऊनही पुन्हा तेच.

नवा गिअर पहिले पंचवीस-तीस किलोमीटर हळू, मग पूर्ण थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा. आठशे किलोमीटरपर्यंत ओढकाम नाही, ट्रॉली नाही. मग दोन्ही डिफचं तेल बदला, जीएल-५ दर्जाचं, लिमिटेड स्लिप असेल तर त्याचं ॲडिटिव्ह. चाकांचे नट शंभर किलोमीटरला टॉर्क रेंचने पुन्हा आवळा, मागच्या कॅरिअरचेसुद्धा.