ट्रान्सक्रिप्शनची दिशा कोण ठरवतं? या चुका टाळा

सिकल सेलचा बदल पुस्तकात ‘ए चा टी’ असा शिकवतात. बीटा-ग्लोबिन या हिमोग्लोबिनच्या घटकाचा जीएजी हा कोडॉन (अमिनो आम्लाचा तीन अक्षरी संकेत) जीटीजी होतो आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. विदर्भात किंवा नंदुरबारकडे सिकल सेलवर प्रकल्प करणारा विद्यार्थी हाच बदल जीनोम ब्राउझरमध्ये (जीनोमचा क्रम दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) शोधतो, तर तिथे त्याला ‘टी चा ए’ दिसतो. मग प्रायमर चुकला का, नमुने अदलाबदल झाले का, याची शोधाशोध सुरू होते. प्रत्यक्षात काहीच चुकलेलं नसतं. एचबीबी हे बीटा-ग्लोबिनचं जनुक ११व्या गुणसूत्रावर उजवीकडून डावीकडे वाचलं जातं, म्हणजे त्याचं ट्रान्सक्रिप्शन (डीएनएवरून आरएनए बनणं) त्या दिशेनं होतं, आणि ब्राउझर मात्र सहसा संदर्भ जीनोमचा सरळ स्ट्रँडच (डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एक) दाखवतो.

या गोंधळाच्या मुळाशी दोन वेगळे प्रश्न एकत्र करण्याची सवय आहे. आरएनए पॉलिमरेज हे एन्झाइम नवा आरएनए ५ प्राइमकडून ३ प्राइमकडेच (ही धाग्याच्या दोन टोकांची नावं) बांधतं. जिवाणू असो वा माणूस, त्यात पर्याय नाही. पर्याय आहे तो टेम्प्लेट, म्हणजे आरएनएचा साचा, म्हणून दोनपैकी कोणता स्ट्रँड घ्यायचा, याचा. ‘दिशा कशी ठरते’ या प्रश्नाला ‘५ प्राइम ते ३ प्राइम’ असं उत्तर लिहिणं म्हणजे विचारलेलं सोडून दुसरंच सांगणं. टेम्प्लेट स्ट्रँड अख्ख्या गुणसूत्राला एकच असतो, हाही तितकाच घट्ट बसलेला गैरसमज. लॅम्डा या जिवाणूंना लागणाऱ्या विषाणूत सीआय आणि क्रो ही शेजारची जनुकं एकमेकांकडे पाठ करून विरुद्ध दिशांना वाचली जातात. टेम्प्लेट जनुकागणिक बदलतो.

आता प्रथिनांकडे येऊ. इथली सर्वांत मोठी चूक म्हणजे डीएनएला चिकटणारं प्रत्येक प्रथिन दिशा दाखवतं, असं धरून चालणं. यीस्टमधलं गॅल४ घ्या. ते जोडीनं बांधलं जातं, आणि त्याची १७ बेसची जागा दोन्ही बाजूंनी सारखीच वाचता येते: एका टोकाला सीजीजी, दुसऱ्या टोकाला सीसीजी, मध्ये ११ बेस. अशा सममित जागेवर बसलेलं प्रथिन डावं-उजवं सांगणार कसं? गॅल१ आणि गॅल१० या दोन जनुकांच्या मधोमध बसून ते दोघांनाही चालू करतं. कधी आणि किती, हे गॅल४ सांगतं. कुठल्या बाजूला, हे त्याच्या हातात नाही. एन्हान्सर (जनुकाचं वाचन वाढवणारा डीएनएचा तुकडा) उलटा करून बसवला तरी सहसा काम का करतो, हेही यातून उलगडतं.

जिवाणूंमध्ये उत्तर सरळ आहे. पॉलिमरेजला जोडलेल्या सिग्मा ७० प्रथिनाचा एक भाग उणे १० जवळचा (वाचनाच्या सुरुवातीआधी सुमारे १० बेसवरचा) टीएटीएएटी हा क्रम ओळखतो, दुसरा भाग उणे ३५ जवळचा टीटीजीएसीए. दोन्ही क्रम वेगळे आणि मधलं अंतर साधारण १७ बेसचं, त्यामुळे पॉलिमरेज एकाच तऱ्हेनं बसतं आणि त्याचं तोंड ठरून जातं.

आपल्या पेशींत असं चोख काही नाही. टाटा बॉक्स (जनुकाच्या सुरुवातीआधीचा एक डीएनए क्रम) दिशा देतो, असं आपण लिहून मोकळे होतो. पण टाटावर बसणारं टीबीपी हे खोगिरासारखं प्रथिन आहे, त्याचे दोन्ही अर्धे जवळजवळ एकसारखे. एकटं असताना ते उलट-सुलट दोन्ही प्रकारे बसू शकतं आणि त्यात फारसा भेद करत नाही. टीएफटूबी हे प्रथिन टाटाशेजारचा बीआरई हा क्रम पकडतं, तेव्हा मांडणी पक्की होते. शिवाय माणसाच्या बहुतेक प्रमोटरांना (वाचन जिथून सुरू होतं त्या डीएनएच्या जागांना) टाटा बॉक्सच नसतो.

म्हणून २००८ साली जे दिसलं त्याचं मला आजही अप्रूप वाटतं. सस्तन प्राण्यांच्या पेशींतल्या अनेक सक्रिय प्रमोटरांवरून पॉलिमरेज दोन्ही दिशांना निघत होतं. तोवर ते सहसा नजरेत आलं नव्हतं, कारण उलट्या बाजूचा आरएनए आखूड असतो आणि एक्सोसोम हे आरएनए तोडणारं प्रथिनसंकुल तो लगेच नष्ट करतं. जनुकाच्या बाजूला यू१ हे आरएनए-प्रथिनांचं संकुल नव्या आरएनएवरच्या स्प्लाइस-जागांना (जिथे आरएनए कापून जोडला जातो) धरतं आणि त्याची अवेळी कापणी रोखतं. उलट्या बाजूला अशा जागा कमी, कापणीचे संकेत जास्त. म्हणजे दिशेचा बराचसा निवाडा सुरुवात झाल्यानंतर होतो. काही प्रथिनं मात्र सुरुवातच अडवतात: यीस्टमध्ये रॅप१, सस्तन पेशींत काही प्रमोटरांवर सीटीसीएफ.

इथून प्रयोगातल्या चुका. साध्या आरएनए-सेकमध्ये उलटा आरएनए दिसला नाही, म्हणून ‘हा प्रमोटर एकाच दिशेचा’ असा निष्कर्ष काढू नका. ती पद्धत टिकून राहिलेला आरएनए मोजते. सुरुवात पाहायची तर ग्रो-सेक किंवा प्रो-सेक (नुकताच बनत असलेला आरएनए मोजणाऱ्या पद्धती) हवं, निदान एक्सोसोमचा घटक कमी करून तुलना तरी हवी. उलट प्रकारही घडतो. एखादं प्रथिन काढल्यावर अँटिसेन्स (जनुकाच्या उलट्या दिशेच्या आरएनएचा) सिग्नल वाढला की ‘हे प्रथिन दिशा ठरवतं’ असं घाईनं लिहिलं जातं. नवी सुरुवात झाली, नाश कमी झाला की शेजारच्या जनुकाचं वाचन थांबलंच नाही, या तिन्ही शक्यता वेगळ्या करा. कॅप (आरएनएच्या सुरुवातीवरची रासायनिक टोपी) असलेलं ५ प्राइम टोक नेमकं कुठे आहे ते पाहिलं की पुष्कळ उलगडा होतो.

आरएनए-सेकमध्ये सगळ्या जनुकांची मोजणी अचानक शून्याजवळ आली आणि अँटिसेन्स मात्र भरभरून दिसतंय? जीवशास्त्रात जाण्याआधी सेटिंग तपासा. डीयूटीपी पद्धतीच्या लायब्ररीत (सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेल्या नमुन्यात) पहिला रीड, म्हणजे वाचलेला तुकडा, मूळ आरएनएच्या उलट स्ट्रँडचा असतो, त्यामुळे रीड मोजणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी फीचरकाउंट्समध्ये पर्याय २ आणि एचटीसेकमध्ये ‘रिव्हर्स’ लागतो. लायब्ररी कशी बनवली हे कुणाला आठवत नसेल, तर आरसेक्यूसीमधली इन्फर-एक्स्परिमेंट ही स्क्रिप्ट काही मिनिटांत सांगते. सेटिंग बरोबर असूनही जास्त व्यक्त होणाऱ्या जनुकांवर त्याच प्रमाणात फिकट अँटिसेन्स सावली दिसली, तर रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजवर (आरएनएवरून सीडीएनए ही डीएनए-प्रत बनवणाऱ्या एन्झाइमवर) संशय घ्या. ते नव्या सीडीएनएवरूनच दुसरा धागा बांधून बसतं. पहिल्या स्ट्रँडच्या वेळी अ‍ॅक्टिनोमायसिन डी घातलं की ही सावली बरीच उतरते.

रिपोर्टर (ज्याचं काम सहज मोजता येतं असं जनुक) वापरणार असाल तर प्रमोटरच्या दोन्ही बाजूंना एकेक वेगळा रिपोर्टर लावा, आणि तोच तुकडा उलटा बसवून प्रयोग पुन्हा करा. तुकडा फिरवल्यावर जोर दुसऱ्या रिपोर्टरकडे गेला, तर दिशा त्या तुकड्यात आहे. जोर जागचा हलला नाही, तर तुम्ही प्लाझ्मिडचा किंवा रिपोर्टरचा फरक मोजत होता.