गिम्पमध्ये पहिलं प्लगिन टाकायच्या आधी

रामकुंडावर संध्याकाळी फोटो काढला की घाट झकास येतो, पण डोक्यावरच्या वायरी आणि कोपऱ्यातली प्लास्टिकची पिशवी पण तेवढीच झकास येते, मग कोणीतरी सांगतं की गिम्पमध्ये, म्हणजे फोटो एडिट करायच्या त्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये, रिसिंथेसायझर नावाचं प्लगिन (सॉफ्टवेअरला वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) टाक, वायर सिलेक्ट कर, गायब. होते पण गायब, बऱ्याचदा तरी. फक्त डाउनलोड करायच्या आधी थोडी तयारी करून ठेवा, कारण नवीन माणूस अडकतो तो प्लगिन वापरताना नाही, ते बसवतानाच.

सगळ्यात आधी तुमचं गिम्प कोणतं ते बघा, हेल्प मेनूत अबाउटवर क्लिक केलं की व्हर्जन दिसतं. २.१० आहे की ३.० हे कागदावर लिहून ठेवा म्हटलं तरी चालेल, इतकं ते महत्त्वाचं आहे. ३.० मार्च २०२५ ला आलं आणि त्यात आतली रचनाच बदलली, पायथन २ या प्रोग्रॅमिंग भाषेतली जुनी प्लगिन्स तिथे चालतच नाहीत, आणि यूट्यूबवरचे निम्मे व्हिडिओ अजून २.१० चेच आहेत. त्यामुळे व्हिडिओची तारीख बघा, आणि डाउनलोड करताना तुमच्या व्हर्जनचीच फाइल घ्या, प्लगिन बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरूनच. 'फ्री प्लगिन पॅक' वाल्या साइट्सच्या नादी लागू नका, तिथे तीन हिरवी डाउनलोड बटणं असतात आणि खरं कुठलं ते देवालाच माहीत.

आता फोल्डर. एडिट, प्रेफरन्सेस, खाली फोल्डर्स, त्याच्या शेजारचं अधिकचं चिन्ह दाबा, मग प्लग-इन्स. तिथे दोन पत्ते दिसतात, एक तुमच्या युजरच्या नावाचा आणि एक प्रोग्रॅम फाइल्समधला, आपण आपल्या नावाचाच घ्यायचा. विंडोजमध्ये तो ॲपडेटात असतो आणि ॲपडेटा लपवलेलं असतं, म्हणून शोधत बसू नका, तिथूनच पत्ता कॉपी करा आणि एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत पेस्ट करा.

३.० मधली गंमत अशी की प्लगिनची फाइल नुसती टाकून भागत नाही, तिच्याच नावाचा फोल्डर करून त्यात ठेवावी लागते, म्हणजे 'वायरकाढ' नावाची पायथन फाइल 'वायरकाढ' नावाच्या फोल्डरमध्ये. आणि झिप एक्स्ट्रॅक्ट ऑल केली की विंडोज बऱ्याचदा फोल्डरात फोल्डर करून ठेवतं, बाहेरचा उघडला की आत परत तोच, प्लगिन त्याच्याही आत, आणि गिम्प एवढं खोल जाऊन बघत नाही. आतला फोल्डर उचलून बाहेर आणायचा, झालं. लिनक्सवाल्यांनी फाइलला एक्झिक्युटची परवानगी द्यायची. ज्यांच्या नावाच्या शेवटी .scm असतं त्या स्क्रिप्ट प्लग-इन्समध्ये नाही, स्क्रिप्ट्सच्या फोल्डरमध्ये जातात, ब्रश ब्रशेसमध्ये. फोटोशॉपचे एबीआर (.abr) फाइलवाले ब्रश पण गिम्प उघडतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

एवढं सगळं नको वाटत असेल तर सुरुवात जीमिक (G'MIC) नावाच्या प्लगिनपासून करा, विंडोजसाठी त्याचा सरळ इन्स्टॉलर मिळतो आणि आत पाचशेच्या वर फिल्टर आहेत. त्यातले बरेचसे तुम्ही कधीच उघडणार नाही ते सोडा.

फाइल टाकली की गिम्प पूर्ण बंद करून परत उघडा. मेनूत नाव आलं पण राखाडी दिसतंय तर घाबरू नका, आधी एखादा फोटो उघडा, फोटोच नसेल तर फिल्टर करणार कशावर. नावच आलं नाही तर गिम्पमधल्याच 'विंडोज' नावाच्या मेनूतून डॉकेबल डायलॉग्जमध्ये एरर कन्सोल उघडा, काय बिनसलं ते बहुतेक वेळा तिथे लिहिलेलं असतं.

आणि हो, एका वेळी एकच प्लगिन टाका, दहा एकदम टाकलीत आणि गिम्प उघडताना लटकलं तर कुठल्याने लटकवलं ते कळणार नाही. ओरिजिनल फोटोची कॉपी वेगळी ठेवा. बाकी शनिवारी मेंटेनन्सला लाईट जाते तेव्हा हे काम काढू नका, डेस्कटॉपवाल्यांनी तर नाहीच.