इंग्रजी व्याख्यान ऐकावे कसे आणि त्यावर बोलावे कसे

मराठी माध्यमातून शिकून पुण्यात पदवी किंवा पदव्युत्तर अभ्यासासाठी आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या सत्रात जी अडचण भेडसावते, ती बहुधा विषयाची नसते. मागणीची लवचिकता किंवा रासायनिक समतोल त्याला चांगला ठाऊक असतो. पण तीच संकल्पना पाऊण तास इंग्रजीतून, मध्येच विषयांतर करत सांगितली गेली की धागा सुटतो आणि तो पुन्हा कुठे धरावा हे कळेनासे होते. अशा वेळी अनेकजण स्पोकन इंग्लिशच्या क्लासला जातात. त्याने भीड चेपते हे खरे. परंतु व्याख्यान समजणे आणि त्यावर मत मांडणे ही निराळी कौशल्ये आहेत व ती स्वतःच्या विषयाच्या सामग्रीवरच घडवावी लागतात, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात ऐकण्यापासून करावी. आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी यांच्या एनपीटीईएल या उपक्रमाची व्याख्याने यूट्यूबवर विनामूल्य मिळतात. भारतीय प्राध्यापकांचे हे इंग्रजी आपल्या वर्गात कानावर पडणाऱ्या इंग्रजीच्या जवळचे असल्याने परदेशी वाहिन्यांच्या आधी त्यांच्याकडे वळावे. चालू अभ्यासक्रमातील एखादा विषय निवडून त्यावरची पाठ्यपुस्तकातील पाने आधी वाचून घ्यावीत, मराठी पुस्तक असले तरी चालेल, आणि मग साधारण दहा मिनिटांचा भाग उपशीर्षके बंद ठेवून, न थांबता ऐकावा. तो संपल्यावर वक्त्याचे मुख्य म्हणणे एका वाक्यात लिहावे. दुसऱ्यांदा ऐकताना मात्र जिथे अडेल तिथे थांबून उपशीर्षके पाहावीत. यंत्राने तयार केलेली उपशीर्षके पारिभाषिक शब्दांत चुकतात, याचे भान ठेवावे.

आपण नेमके कशामुळे अडलो, हे प्रत्येक वेळी शोधणे हा या सरावाचा गाभा आहे. शब्दच अनोळखी असेल तर उपाय सोपा आहे. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या, सर्व विद्याशाखांत वारंवार येणाऱ्या 570 शब्दकुलांच्या, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून बनलेल्या शब्दांच्या गटांच्या, यादीपासून आरंभ करावा. शब्द वाचताना ओळखीचा पण ऐकताना परका वाटला, तर दोष बहुधा आघाताच्या सवयीत असतो. मराठीत आपण जवळपास प्रत्येक अक्षराला सारखे वजन देतो. इंग्रजीत शब्दाच्या एका उच्चारखंडावर जोर पडतो आणि उरलेले विरून जातात. शिवाय तो जोर जागा बदलतो: ‘इकॉनॉमी’मध्ये तो ‘कॉ’वर असतो, तर ‘इकॉनॉमिक’मध्ये ‘नॉ’वर. असे शब्द सापडले की वक्त्याच्या पाठोपाठ ते मोठ्याने म्हणावेत, कारण जो उच्चार स्वतःच्या तोंडात बसला आहे तो कानाला चटकन ओळखू येतो.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कमी शिकवले जाणारे आहे: सगळे शब्द कळतात, तरीही बोलण्याचा रोख कळत नाही. वक्ता ‘हाउएव्हर’ म्हणतो तेव्हा तो आधीच्या विधानाला मर्यादा घालणार असतो, ‘कमिंग बॅक टू’ म्हणतो तेव्हा विषयांतर संपलेले असते, आणि ‘फॉर इन्स्टन्स’नंतर येणारे उदाहरण एकवेळ निसटले तरी मुद्दा हातात राहतो. ही वळणे टिपण्यासाठी वहीच्या पानावर डावीकडे अरुंद रकाना आखावा. उजवीकडे मुद्दे लिहावेत आणि डावीकडे ‘उलट बाजू’, ‘कारण’, ‘उदाहरण’ अशा खुणा कराव्यात. संज्ञा इंग्रजीत आणि त्यांना जोडणारे दुवे मराठीत लिहिण्यात कसलाही कमीपणा नाही. ऐकण्याच्या वेगाशी हात जुळायचा तर सुरुवातीला तेच सोयीचे ठरते.

ऐकलेल्या भागावर त्याच दिवशी बोलावे. अभ्यासिकेत तोंड उघडता येत नाही, म्हणून सहाध्यायी सोबत घेऊन फर्ग्युसनमागची हनुमान टेकडी गाठावी किंवा विद्यापीठाच्या आवारात झाडाखाली बसावे. तोच आशय आधी चार मिनिटांत, मग तीन मिनिटांत आणि शेवटी दोन मिनिटांत सांगावा, शक्यतो दर खेपेला वेगळ्या श्रोत्याला. मजकूर तोच असल्याने काय बोलावे याचा विचार उरत नाही आणि सगळे लक्ष वाक्यांच्या ओघाकडे देता येते. मोबाइलवरचे ध्वनिमुद्रण ऐकताना एका वेळी एकच गोष्ट तपासावी, आज क्रियापदांचे काळ, उद्या आघात. सगळ्या चुका एकदम मोजणारा विद्यार्थी लवकरच गप्प बसतो.

वर्गात पहिला प्रश्न खुलाशाचा विचारावा आणि तो आधी वहीत लिहून ठेवावा. प्राध्यापकांच्या मताला आव्हान देणारा प्रश्न सत्राच्या उत्तरार्धात विचारला तरी चालतो. कानाची पारख वर्गाबाहेरही करावी. विद्यापीठाच्या आवारातील आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आणि पाषाणची आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधनाची संस्था येथे जाहीर व्याख्याने होतात. 1930 साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या काळे स्मृती व्याख्यानमालेत 1939 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. त्या व्याख्यानाची छापील प्रत मोठ्याने वाचली, तर दीर्घ युक्तिवाद इंग्रजीत कसा बांधत नेतात हे जिभेला आणि कानाला एकाच वेळी उमगते.

चर्चासत्रात निबंध पाठ करून जाऊ नये, कारण एक वाक्य विसरले की पुढची सगळी अडतात. पहिली दोन वाक्ये तेवढी पक्की करावीत आणि बाकीच्यासाठी मुद्द्यांची चिठ्ठी हाती ठेवावी. श्रोत्याचा प्रश्न नीट कळला नाही तर अंदाजाने उत्तर देऊ नये. ‘इफ आय हॅव अंडरस्टूड यू करेक्टली’ असे म्हणून तो प्रश्न आपल्या शब्दांत परत मांडावा, म्हणजे चुकीचे ऐकले असल्यास विचारणाराच दुरुस्ती करतो आणि उत्तर जुळवायला आपल्याला थोडा अवधी मिळतो.