शब्दकोड्यात वायू आला की असा सोडवायचा

चवथीला आमचं सगळं खटलं गोव्यात फोंड्याजवळच्या मूळ घरी जमतं, गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटोळी बांधून झाली, आरत्या-जेवणं झाली की दुपारी मी पोरांसाठी हाताने आखलेलं शब्दकोडं काढते. यंदा मुद्दाम वायूंचंच करतेय, कारण "एक वायू (४)" असं दिसलं की सगळी जण ती घरं कोरी ठेवून पुढे जातात आणि मला ते बघवत नाही. खरं तर ही घरं सोपी असतात.

आधी घरं मोजायची. आपल्या कोड्यात एका घरात एक अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट, आणि जोडाक्षरसुद्धा एकाच घरात. म्हणजे क्लोरीन ३ घरांचा, क्रिप्टॉनही ३. पण नुसतं मोजून भागत नाही, प्राणवायू ४ घरांचा तसा ऑक्सिजनही ४ चाच, म्हणून शोधसूत्राची भाषा बघा. शुद्ध जुन्या वळणाची असेल तर प्राणवायू, नत्रवायू (नायट्रोजन), कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) असं काहीतरी येणार, सिलिंडर-फुगा-दिवा अशी रोजची असेल तर इंग्रजी नाव येणार. हायड्रोजनला जुन्या पुस्तकांत उद्जन म्हणायचे, ते ३ घरांत बसतं, हे लक्षात असू द्या.

आता माझी सगळ्यात आवडती युक्ती. शेवटच्या घरात पेन्सिलने हलकेच "न" लिहून ठेवा. ऑक्सिजन, हायड्रोजन, नायट्रोजन, मिथेन, प्रोपेन, ब्युटेन, ओझोन, क्लोरीन, फ्लोरीन, सगळे न वरच संपतात. "यू" आला तर मराठी नाव, "म" आला तर हेलियम, "या" आला तर अमोनिया. आडव्या शब्दाने तो न पक्का केला की अर्धं काम झालं.

अडचण येते ती निष्क्रिय वायूंची. निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, रेडॉन, पाचही ३ घरांचे आणि पाचही न वर संपणारे! इथे नावाचा अर्थ कामी येतो. ग्रीकमध्ये निऑन म्हणजे नवा, आर्गॉन म्हणजे आळशी, क्रिप्टॉन म्हणजे लपलेला, झेनॉन म्हणजे परका. रॅमसे आणि ट्रॅव्हर्स या रसायनशास्त्रज्ञांनी १८९८ या एकाच वर्षात निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन तिन्ही शोधले, त्यामुळे "१८९८ चा पाहुणा, परका (३)" असं दिसलं तर बिनधास्त झेनॉन लिहा. आर्गॉन आळशी खरा पण हवेत जवळजवळ १ टक्का तोच आहे, कर्बवायूपेक्षा कितीतरी जास्त. हेलियमचं नाव सूर्यावरून, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी आंध्रातल्या गुंटूरहून सूर्याकडे बघितलं तिथून त्याची गोष्ट सुरू होते, म्हणून "सूर्य" आणि "फुगा" एकत्र दिसले की दुसरा विचार करू नका.

आता शब्दांचे खेळ, इथे खरी मजा आहे.

"'हे लिही' अर्धवट सांगितलं आणि यम आला (४)". "हे लिही"तला शेवटचा ही गळला, पुढे यम, झालं हेलियम. "रे म्हणून हाक मारली टोळीच्या म्होरक्याला (३)", रे अधिक डॉन, रेडॉन. "छातीच्या दुखण्याचं पहिलं अक्षर बदललं की जेटीवरच्या बर्फाच्या कारखान्यातला वायू (४)", न्यूमोनियातला न्यू काढून अ, अमोनिया. हे मला स्वतःला सुचलं तेव्हा मी दिवसभर खूश होते. शोधसूत्रात "शेवटी लोक" असं आलं तर जन धरा, कारण ऑक्सिजन, हायड्रोजन, नायट्रोजन तिघांच्याही पोटात जन आहे.

वाऱ्याची नावंही अशीच पकडतात. पावनचा काना काढला की पवन. रमीस उलटं वाचलं की समीर. रावा उलटा की वारा, इथे आमची पोरं अडतात कारण कोंकणीत पोपटाला कीर म्हणतात, मराठीतला रावा त्यांच्या कानावर पडलेला नसतो. "समईत जळते, सांध्यात दुखतो (२)" म्हणजे वात. आणि "पाहिजे तर श्वास घ्या (२)" म्हणजे हवा, यात "पाहिजे" आणि "श्वास" दोन्हीकडून तोच शब्द निघतो.

तुम्ही स्वतः कोडं करणार असाल तर आजूबाजूच्या गोष्टी घाला. फेणीसाठी काजूचा रस आंबत ठेवला की जे बुडबुडे येतात ते कर्बवायूचे, पिकत्या मानकुराद आंब्यातून निघतो तो इथिलीन. स्वयंपाकाच्या गॅसला तर स्वतःचा वासच नसतो, गळती कळावी म्हणून उग्र वासाचं मर्कॅप्टन मुद्दाम घालतात, त्यावरून "नाकाला कळतो, पण वास दुसऱ्याचा (२)" असं केलंय यंदा.

एक मात्र सांभाळा, दोन तऱ्हेने लिहिला जाणारा शब्द टाळा. आर्गॉन कुणी अरगॉन लिहितं आणि मग ३ चे ४ होतात, घरात बसत नाही म्हणून पोरं रडकुंडीला येतात, त्यात त्यांची काहीच चूक नसते. मी तो शोधसूत्रात आणते, घरांत कधीच घालत नाही.